छेदातला ऑक्सिजन

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं ते रागाच्या भरात झालं असं म्हणायची सोय आहे आणि ती मला घ्यायची नाही. राग फार तर दहा मिनिटं टिकला असेल. खरं वाईट मी त्यानंतर दोन दिवसांनी केलं, शांत डोक्यानं, हातात चहाचा कप धरून.

बारामतीत बारावीच्या पोरांना मी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं. जळोचीत घर बांधलं ते त्याच्याच जिवावर. इंदापूर, वालचंदनगर, भिगवण, कुठून कुठून पोरं एस.टी.नं यायची आणि माझ्या वर्गात जागा धरायला धावायची. माझं नाव झालं होतं ते एका धड्यामुळं. एखादी अभिक्रिया कागदावर एका ओळीत दिसते, पण आतून ती दोन-तीन पायऱ्यांनी घडते. परीक्षेत त्या पायऱ्या देतात आणि त्यावरून वेगाचं सूत्र काढायला सांगतात, म्हणजे कुठला पदार्थ वाढवला की वेग किती वाढतो ते. पोरं त्याला रेट लॉ म्हणतात. हा प्रश्न दिसला की भल्याभल्यांना घाम फुटायचा.

मी तो घाम पुसला होता. मी फळ्यावर रसायन लिहायचोच नाही, आधी साखर कारखाना काढायचो, आणि त्याच्या तोंडाशी ऊस आत घेणारी गव्हाण. "तोड जोरात चाललीय, ट्रॅक्टरवर ट्रॅक्टर येतायत, आणि गव्हाणीवर ऊस उतरायला रांग लागलीय. आता सांगा, कारखाना किती ऊस गाळणार? गव्हाण उतरून घेईल तेवढाच! तोडणाऱ्यांनी कितीही उड्या मारू द्या." उसाच्या घरातली पोरं ती, खदाखदा हसायची, आणि त्यांना पटायचं. मग मी माझं ठरलेलं वाक्य टाकायचो, "सावकाश पायरी धरा, तिच्यात जे घुसतंय ते लिहा, आणि चहाला चला." सगळा वर्ग ते माझ्याबरोबर म्हणायचा. माझ्या नोट्सच्या झेरॉक्स अख्ख्या गावात फिरायच्या आणि पहिल्या पानावर कुणीतरी हेच वाक्य लिहिलेलं असायचं. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं.

वाक्य अर्धंच खरं होतं. पहिली पायरी सावकाश असली तर ते बिनचूक चालतं. पण पहिली पायरी जलद आणि मागं-पुढं दोन्हीकडं जाणारी असेल आणि दुसरी सावकाश असेल, तर सावकाश पायरीत घुसणारा एक पदार्थ मधल्यामध्येच तयार झालेला असतो. त्याला बरणीत भरता येत नाही, मोजता येत नाही. सूत्रात तो ठेवून चालत नाही, पहिल्या पायरीचा समतोल मांडून त्याला घालवावा लागतो. हे मी एम.एस्सी.ला शिकलो होतो. पण बोर्डाला सोपं विचारतात, सोप्यावर मार्क मिळतात, आणि सोपं शिकवत शिकवत मीच सोपा होत गेलो.

एका वर्षी चाचणीत मी ओझोनचा प्रश्न घातला. कुठल्याशा गाईडमधून उचलला होता. ओझोन फुटून ऑक्सिजन आणि ऑक्सिजनचा एक सुटा अणू होतो, ही जलद पायरी, दोन्हीकडं जाणारी. मग तो सुटा अणू दुसऱ्या ओझोनला धडकतो, ही सावकाश. उत्तर मी माझ्या वाक्यानं ठरवलं : ओझोन गुणिले सुटा अणू. सगळ्या वर्गानं तेच लिहिलं. फक्त एका पोरीनं लिहिलं होतं, वर ओझोनचा वर्ग, म्हणजे ओझोन गुणिले ओझोन, आणि खाली, छेदात, ऑक्सिजन.

ती भिगवणच्या अलीकडच्या एका वस्तीवरून यायची. तिचे वडील उजनीच्या पाण्यात मासेमारी करायचे. दुसऱ्या बाकावर बसायची, दोन घट्ट वेण्या, आणि मी बोलत असताना माझ्याकडं न बघता फळ्याकडं बघत राहायची. मला ते खटकायचं. तिच्या उत्तराला मी तीनपैकी शून्य दिलं आणि शेजारी लाल शाईनं लिहिलं, 'उलटा ऑक्सिजन!' उद्गारचिन्हासकट.

पेपर वाटले त्या मंगळवारी ती उठून उभी राहिली.

"सर, माझं काय चुकलं?"

"काय चुकलं? अगं बाई, ऑक्सिजन तर तयार होणारा पदार्थ. तो सूत्रात आला कसा? आणि आला तर आला, खाली डोकं वर पाय?"

वर्ग हसला. एवढ्यावर कुणीही खाली बसलं असतं. ती बसली नाही.

"सर, तुमी गव्हाणीचं सांगता न्हाई का," ती म्हणाली. "पण रांगेतले ट्रॅक्टर कंटाळून माघारी फिरत असतील, दुसऱ्या कारखान्याला जात असतील तर? मग तोड किती झाली ते बघून चालायचं न्हाई. रांगेत किती उरले ते बघाय लागंल. त्यो सुटा अणू तसाच हाय. पुढं जायच्या आधी माघारी ऑक्सिजनलाच चिकटतोय. ऑक्सिजन जितका जास्त, तितके माघारी जाणारे जास्त. म्हणून मी त्याला खाली लिवला."

आज सांगतो, माझ्या अख्ख्या नोकरीत त्या वर्गात कुणी इतकं सुंदर बोललं नाही, मी धरून. माझंच उदाहरण तिनं माझ्या हातातून घेतलं आणि मी जिथं ते सोडून दिलं होतं तिथून पुढं नेलं. आणि नेमकं तेच मला झोंबलं. माझ्या कानशिलात आग झाली.

"वा!" मी म्हणालो. "गाळप हंगाम चालू झाला वाटतं! बाईसाहेब चेअरमन झाल्या! उद्यापासून तुम्ही शिकवा, मी मासे धरायला जातो."

काय हसली पोरं! बाकं बडवून हसली. मी दोन्ही हात वर करून त्यांना गप्प केलं, पण खरं तर ते हसू मी नीट उपभोगलं. ती बसली. तिनं पेपराची घडी घातली, मग त्या घडीची घडी घातली, आणि वहीत ठेवून दिली.

संध्याकाळी घरी आलो तरी ट्रॅक्टर काही डोक्यातून जाईनात. जेवायच्या आधी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर सहज मांडून बघितलं. पहिल्या पायरीचा जाण्याचा वेग बरोबर येण्याचा वेग. त्यातून सुटा अणू काढला. तो सावकाश पायरीत घातला. चार ओळी. वर ओझोनचा वर्ग, खाली ऑक्सिजन. तरीही मला खोटं वाटलं, म्हणून माळ्यावरची ट्रंक उतरवून एम.एस्सी.ची वही काढली. वहीत हाच ओझोन होता. हेच उत्तर, माझ्याच अक्षरात, खाली दोनदा रेघ मारलेलं. मला हे एके काळी येत होतं. दोनदा रेघ मारण्याइतकं आवडलंही होतं.

म्हणजे मला त्याच दिवशी कळलं. हे लक्षात ठेवा, कारण सगळं यावर आहे.

दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन सांगायचं असं मी ठरवलं होतं. देवाशपथ ठरवलं होतं. मोटारसायकलवर वाक्यसुद्धा जुळवलं, "पोरांनो, काल एक चूक झाली, आणि ती माझी." पण वर्गात पाय ठेवतो न ठेवतो तोच मागून एक कार्टं ओरडलं, "सर, आज ऑक्सिजन सुलटा का उलटा?" पुन्हा हसू फुटलं. ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली होती, भिंतीला टेकून. मी तिच्याकडं बघितलं, पोरांकडं बघितलं, आणि मीही हसलो. खडू घेतला आणि पुढचा धडा चालू केला. ते हसायला मला एक क्षण लागला असेल, पण पुढचं सगळं त्या एका क्षणावर अडलं.

गुरुवारी मधल्या सुट्टीत तिचे वडील आले. मी स्टाफरूमच्या बाहेर कट्ट्यावर चहा घेत होतो. माझ्यापेक्षा वयानं मोठे, उन्हानं रापलेले, धुतलेला पांढरा सदरा. आल्या आल्या त्यांनी वाकून माझे पाय धरले. मी "अहो आबा, हे काय" असं तोंडानं म्हणालो, पण पाय मागं घेतले नाहीत. सवय झाली होती.

"सर, पोरगी दोन दिस जेवली न्हाय," ते म्हणाले. "म्हनती, मला न्हाय जमायचं, मी कालिजात न्हाय जायची. आमच्या घरात सगळीच म्हनत्यात का बारावी झाली की बास. मी एकटाच तिच्या बाजूनं. मला वाटतंय तिला बी.एस्सी.ला घालावी, फुडं काय शिकंल ते शिकंल. पर मी अडानी मानूस. तुमी सांगा. तुमी म्हनाल तसं."

मग त्यांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, आणि पिशवीतून तो पेपर. घड्या उलगडून माझ्यापुढं धरला. "ह्ये लाल शाईनं काय लिवलंय? ती सांगंना."

माझ्या सदऱ्याच्या खिशात तेच लाल पेन होतं. शून्य खोडून तीन करायला किती वेळ लागतो? सही करायला? "आबा, तुमची पोरगी बरोबर आहे आणि मी चुकलो," एवढं बोलायला? दारात दोन सहकारी उभे होते. आत एकजण वर्तमानपत्र वाचत होता. पण त्यांच्यामुळं मी गप्प बसलो असं नाही. मला तिची धास्ती वाटली. ती पुढं शिकेल, याच गावात बी.एस्सी.ला बसेल, कुणी प्राध्यापक विचारेल की हे तुला कुणी शिकवलं, आणि ती मान खाली घालून सांगेल की सरांनी तर शून्य दिलं होतं. हे सगळं माझ्या डोळ्यांपुढून एका घोटाच्या आत गेलं.

"लिहिलंय की उत्तर उलटं आलं," मी म्हणालो. "आबा, पोरगी कष्टाळू आहे, त्यात शंका नाही. पण शास्त्राला वेगळं डोकं लागतं. उगाच ओढाताण करू नका तिची."

त्यांनी पेपर परत पिशवीत घातला. "बरं झालं तुमी खरं सांगितलं," म्हणाले. पुन्हा वाकले, पुन्हा पाय धरले, आणि फाटकाकडं चालत गेले. मी उरलेला चहा प्यायलो. गार झाला होता, तरी संपवला.

ती बारावी झाली, बेताच्या मार्कांनी. वर्षभर पोरं तिला एस.टी.तसुद्धा 'उलटा ऑक्सिजन' म्हणायची, हे माझ्या कानावर यायचं. तिनं पुन्हा हात वर केला नाही. मी पुढच्या वर्षी नोट्समधून ओझोनचा प्रश्न काढून टाकला. माझं वाक्य मात्र तसंच ठेवलं. सावकाश पायरी धरा आणि चहाला चला. पोरं म्हणायची, मी म्हणायचो, आणि दर वर्षी तो धडा आला की मी तो घाईनं उरकायचो.

यंदा उन्हाळ्यात पाहुण्यांना रेल्वेत बसवून द्यायला भिगवणला गेलो होतो. आता मी निवृत्त आहे. येताना मासे घ्यावेत म्हणून हमरस्त्यालगत थांबलो. ओळीनं पत्र्याची दुकानं, बर्फातली चिलापी, कटला, एखादी मरळ. तिसऱ्या दुकानात काट्यामागून आवाज आला, "सर? तुमी व्हय?"

दोन वेण्या नव्हत्या. अंगावर रबरी एप्रन, हातात सुरा. पण बघण्याची तऱ्हा तीच. लग्न करून गावातच दिलेली, नवऱ्याची होडी, दुकान हिचं. तिनं स्टूल पुसून मला बसायला दिलं, पाण्याचा तांब्या पुढं केला आणि किती आनंदानं बोलायला लागली! मला म्हणाली, "सर, तुमच्या गव्हाणीचं मी अजून सांगते बरं का बायकांना. गिऱ्हाईक कितीबी येऊ दे, साफ करायला माणूस एकच आसंल तर रांग हटत न्हाई." आणि हसून पुढं, "शास्त्र काय मला जमलं न्हाई. तुमी आबांना खरं सांगितलं ते बरं झालं. न्हाईतर उगाच वर्षं गेली असती."

ती हे मनापासून म्हणत होती. टोमणा असता तर मी सोसला असता. मला तिथं बसवेना.

"तुझं उत्तर बरोबर होतं," मी म्हणालो.

"कुठलं?"

"ओझोनचं. वर वर्ग, खाली ऑक्सिजन. तेच बरोबर. मी चुकलो होतो."

तिचा सुरा थांबला. चिलापी अर्धी सोललेली तशीच फळीवर. ती माझ्याकडं नाही, त्या माशाकडं बघत राहिली. मला वाटलं, रडेल किंवा शिव्या देईल. तिनं फक्त विचारलं, "तुमाला कवा कळलं?"

बघा, नेमकी पायरी धरली. बाकी सगळं जलद असतं. नंतर कळलं म्हणालो असतो तर सुटलो असतो. जीभ त्या शब्दापर्यंत गेलीही होती.

"त्याच दिवशी. संध्याकाळी."

"म्हंजी मंगळवारी," ती म्हणाली. "आबा तुमच्याकडं आले त्ये गुरवारी."

"हो."

तिनं सुरा धुतला. एप्रनला हात पुसले. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं, पण ती हळू आवाजात बोलली. "मला नका सांगू सर. माझं झालं त्ये झालं. आबा मागं बसल्यात, त्यांस्नी सांगा. घरात आजून कुणी शिक्षनाचं काढलं की सगळी त्यांनाच हसत्यात. पोरीला उगाच डोक्यावर घेतली हुती म्हनून. तेबी हसत्यात आपले."

दुकानामागं बाभळीच्या सावलीत म्हातारा जाळं विणत बसला होता. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. उठायला लागले, तर मी खांद्याला धरून बसवलं आणि समोर मातीतच बसलो. सांगितलं. मंगळवार, लग्नपत्रिका, ट्रंकेतली वही, दुसऱ्या दिवशीचं हसणं, सगळं. कुठं काही झाकलं नाही. ते सुई जाळ्यात तशीच ठेवून ऐकत होते.

"त्या कागदावर किती मार्क पायजे हुते?" त्यांनी विचारलं.

"तीनपैकी तीन."

"तीनपैकी तीन," ते स्वतःशी म्हणाले.

मग मी वाकलो. त्यांच्या पायांपर्यंत माझा हात गेला, तर त्यांनी पाय आखडून जाळ्याखाली घेतले.

"नगा सर. पाया कशाला पडता?" ते म्हणाले. "मला दिसत हुतं वो, पोरगी हुशार हाय त्ये. रोज दिसत हुतं. तुमी न्हाय म्हनलात, म्हनून मी माझंच डोळं खोटं धरलं."

आणि सुई उचलून ते पुन्हा जाळं विणायला लागले.